परिचारिकेचा मान व तिचा अधिकार
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं परिचारिकांविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहों. परिचारिकांची स्तुति ऐकण्यास आपले कान सरावलेले आहेत. 'दयेची मूर्ति', 'करुणेची माउली' अशीं विशेषणें प्रत्येक सभेंत त्यांना बहाल होतात. तीं खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु स्तुतीनें पोट भरत नाहीं, दुखणारे पाय थांबत नाहींत, आणि काम सोडण्याचा निश्चय केलेली परिचारिका स्तुतीनें माघारी फिरत नाहीं. म्हणून आज स्तुति बाजूस ठेवून, ती कां थकते, कां सोडून जाते आणि कशानें टिकते, एवढ्याच प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थकव्याविषयीं. दिवसभर शेतांत राबलेल्या माणसाचा शीण एका रात्रीच्या झोपेनें उतरतो. परिचारिकेच्या ज्या शिणाविषयीं आम्ही बोलत आहों तो झोपेनें उतरत नाहीं. 1974 सालीं हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञानें मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या स्वयंसेवकांत तो पाहिला व 'बर्नआउट' या नांवानें त्याचें वर्णन केलें. लक्षांत घ्या, तो आळशांत आढळला नाहीं. तळमळीनें काम करणाऱ्यांत आढळला. पुढें 1981 सालीं क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन या विदुषींनीं तो मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. त्याचीं लक्षणें तीन: मनांतील ओलावा आटून जाणें, रोगी हा माणूस न वाटतां खाटेचा नंबर वाटूं लागणें, आणि आपल्या हातून कांहींच चांगलें होत नाहीं अशी भावना बळावणें. 2019 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास रोग न म्हणतां कामाच्या जागेंतून उद्भवणारी अवस्था म्हटलें. तेव्हां दोष परिचारिकेच्या स्वभावांत शोधण्यापूर्वीं तो तिच्या वॉर्डांत शोधावा, हें उघड आहे.

कोणी म्हणेल, हा तिचा खाजगी प्रश्न झाला. तसें नाहीं. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील 168 रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2002 सालीं असें दाखविलें कीं, एका परिचारिकेवर एक रोगी अधिक पडला कीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या तीस दिवसांच्या आंतील मृत्यूची शक्यता सुमारें 7 टक्क्यांनीं वाढलेली आढळते, आणि परिचारिकेला हा शीण जडण्याची शक्यता 23 टक्क्यांनीं. ज्या खाटेवर उद्यां आपली माता किंवा आपलें लेंकरूं असेल, त्या खाटेशीं हा आंकडा संबंध ठेवतो.

आतां टिकण्याविषयीं. 1980 च्या सुमारास अमेरिकेंत परिचारिकांची मोठी टंचाई होती. तरीही कांहीं रुग्णालयांत त्या आपण होऊन येत व वर्षानुवर्षें राहत. तेथील अमेरिकन ॲकॅडेमी ऑफ नर्सिंग या संस्थेनें, इतरत्र त्या कां सोडून जातात हें न विचारतां, येथें त्या कां राहतात हें विचारलें. अशीं 41 रुग्णालयें निवडून तिनें 1983 सालीं अहवाल प्रसिद्ध केला व त्यांस 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक, हें नांव दिलें. तेथें मुख्य परिचारिकेला कारभारांत वरचें स्थान होतें, आणि तिची भेट कोणासही सहज मिळे. पाळ्या लावतांना परिचारिकांची सोय पाहिली जाई. रोग्यांच्या मानानें त्यांची संख्या पुरेशी होती. डॉक्टर त्यांस सहकारी मानीत, आणि शिकण्यास व बढतीस वाव होता. 1994 सालीं अशा 39 रुग्णालयांची तुलना तत्सम 195 रुग्णालयांशीं केली असतां, तेथें वृद्ध रोग्यांचें मृत्युप्रमाण सुमारें 4.6 टक्क्यांनीं कमी आढळलें.

याचें मर्म रोझाबेथ मॉस कँटर या विदुषीनें 1977 सालींच सांगून ठेविलें होतें. माणसाचें सामर्थ्य पुष्कळ अंशीं त्याला दिलेल्या जागेवर अवलंबून असतें, व त्यासाठीं चार गोष्टी लागतात: माहिती, साधनें, वरिष्ठांचा आधार आणि पुढें जाण्याची संधि. कॅनडांतील हेदर लॅशिंजर यांनीं हा विचार परिचारिकांस लावून पाहिला. जेथें या चार गोष्टी अधिक, तेथें शीण कमी व काम सोडण्याची इच्छाही कमी, असें त्यांच्या अभ्यासांत दिसून आलें. यांत गूढ कांहीं नाहीं. रोग्याविषयीं डॉक्टरांचा बेत तिला वेळेवर कळावा. कपाटांत हातमोजे असावेत. नातेवाईक अंगावर धांवून आले तर वरिष्ठांनीं तिच्या पाठीशीं उभें राहावें. आणि दहा वर्षांनीं तिनें आजच्याहून वरच्या पायरीवर असावें.

आपल्या देशांत कित्येक ठिकाणीं टिकविण्याचा उपाय निराळा होता. नोकरीचा करार लिहून घ्यावा, मूळ प्रमाणपत्रें तिजोरींत ठेवावीं, म्हणजे मुलगी जाईल कोठें! लोहचुंबक दोरावांचून धरतो. खोडा घालून धरलेलें जनावर मात्र दार उघडण्याची वाट पाहतें. 1908 सालीं स्थापन झालेल्या ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेनें खाजगी रुग्णालयांतील वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेला. न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानें नेमलेल्या समितीनें अशी शिफारस केली कीं, 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतकेंच वेतन असावें, व 50 हून कमी खाटांच्या ठिकाणींही तें 20,000 रुपयांखालीं जाऊं नये. शिफारस कागदावर आली कीं वेतन हातांत पडलें, असें मात्र होत नाहीं.

बंधुभगिनींनो, सेवा हें व्रत आहे असें म्हणून जो कोणी तिचें वेतन कापतो, तो व्रताचा मान वाढवीत नाहीं. व्रतस्थालाही झोप लागते, भूक लागते, आणि आपलें म्हणणें कोणी ऐकावें असें वाटतें.

आपल्या हातीं काय आहे? ज्यांच्या घरीं परिचारिका आहे त्यांनीं, विशेषतः सासूबाईंनीं, रात्रपाळी करून आलेल्या सुनेला चूल पेटविण्यास न सांगतां दार ओढून घेऊन निजूं द्यावें. जे रोग्यास भेटावयास जातात त्यांनीं घोळक्यानें जाऊं नये, व उशीर झाला म्हणून तिच्यावर ओरडूं नये. तिच्या वांट्यास किती खाटा आहेत तें आधीं मोजावें. आणि जे सद्गृहस्थ व ज्या सिस्टर्स रुग्णालयांच्या कारभारी मंडळावर आहेत, त्यांस आमची नम्र विनंति कीं, त्या मंडळांत वॉर्डांत काम करणाऱ्या एका परिचारिकेला जागा द्यावी, आणि ती बोलेल तेव्हां तें कार्यवृत्तांत लिहून घ्यावें.

पुढील महोत्सवाच्या सभेंत आजच्या तरुण परिचारिका आपल्याच रुग्णालयांत, थकलेल्या नव्हे तर अनुभवानें पिकलेल्या, पाहावयास मिळोत, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतों. परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.