काथवट आणि टाचणी

फ्रेंच माणूस अडचणीत आला की ‘पेत्रँ’मध्ये सापडतो. पेत्रँ म्हणजे पाववाल्याची कणीक मळायची काथवट. वर्गात आपण चटकन ‘कात्रीत सापडणे’ सांगून मोकळे होतो. पण कात्रीला दोन पाती. तिथे दोन्हीकडून कोंडी. त्यासाठी फ्रेंचांकडे ऐरण-हातोडा वेगळा आहे. काथवटीत नुसते चिकटून बसणे.

अडचणीतून शिताफीने सुटणे म्हणजे ‘खेळातून आपली टाचणी काढून घेणे’. याला ‘अंग काढून घेणे’ म्हटले, तर घातच! आपल्या शब्दांत ठपका आहे. फ्रेंचमध्ये बहुधा चातुर्याचे कौतुक. बुडत्या धंद्यातून सावरलेला, मूळ लेखकाने वाखाणलेला व्यापारी आपल्या अनुवादात पळपुटा ठरतो. म्हणून मी विद्यार्थ्यांकडे आधी प्रतिशब्द मागत नाही; हे कोण, कोणाविषयी, कशा प्रसंगी म्हणेल, ते विचारतो.