ट्यूडर ओकचे सांधे



इंग्लंडमध्ये १४८५ ते १६०३ ही ट्यूडर घराण्याची राजवट. त्या काळातलं ओकचं फर्निचर म्हटलं की काळंकुट्ट, अवजड लाकूड डोळ्यांपुढे येतं. पण नवं असताना ते मधाच्या रंगाचं असे आणि कधी त्यावर चक्क भडक रंगही चढवलेले असत. काळेपणा आला तो पुढे, शतकानुशतकांच्या धुरानं आणि मेणानं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘ग्रेट बेड ऑफ वेअर’ नावाचा पलंग आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, रुंदी तीन मीटरहून जास्त! वेअर गावच्या सराईत तो असे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये त्याचं नाव येतं, इतका तो गाजलेला. उतारूंनी त्यावर आपली आद्याक्षरं कोरली. मूळच्या रंगाचे अंश त्यावर आजही दिसतात.

मला मात्र त्या काळच्या सुतारांच्या सांध्यांचं मोल अधिक वाटतं. ओकचा ओंडका ते पाचरी मारून उभा फोडत. त्यामुळे लाकडाचे धागे अखंड राहत आणि फळी सहसा वाकडी होत नसे. मग एका लाकडाला चौकोनी खोबण, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ. दोन्हींतून जाणारी भोकं मुद्दाम किंचित मागेपुढे पाडलेली. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. सरस लागत नसे. चौकटीतली फळी खाचेत मोकळी ठेवत, म्हणजे हवेतल्या ओलाव्यानं ती फुगली-आकसली तरी तडकत नसे. साध्या पेट्या खिळे मारूनही करत, पण ओकमधल्या टॅनिनमुळे लोखंडाभोवती काळे डाग पडतात.

एकोणिसाव्या शतकात जुन्या फर्निचरचे तुकडे जोडून नवं ‘ट्यूडर’ सामान बनवण्याचा धंदा फोफावला. माझ्या मते ती त्या जुन्या कारागिरांशी केलेली प्रतारणाच होती. म्हणून रंगावर विसंबू नये, खुंटी पाहावी. हातानं तासलेली खुंटी कधी पुरती गोल नसते.

लंडनला गेलात तर तो पलंग जरूर पाहा. म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. घाई मात्र करू नका. जिथे लाकडाला लाकूड भेटतं, तिथे जरा थांबा.