घामाचा भाव



मी सातवी शिकलेली. टेनिस कधी खेळले नाही. तरी एक हकीकत सांगते. १९७० साली रोमला मातीच्या मैदानावर बिली जीन किंग जिंकल्या. त्यांना मिळाले ६०० डॉलर आणि पुरुष विजेत्याला ३,५००! त्याच वर्षी त्या नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून आपले वेगळे सामने मांडले. १९७३ साली अमेरिकेत हिल्टन हेड बेटावर, मातीच्याच मैदानावर, बायकांच्या सामन्यांना एक लाखाची बक्षिसे लागली. त्या नवांतल्याच रोझी कझाल्स यांनी ३०,००० डॉलर जिंकले. पाठबळ होते गृहिणींच्या एका मासिकाचे!

आपण मात्र पापडाचा भाव काढताना स्वतःची मजुरी धरीत नाही. यंदा ती धरू या, एवढीच विनंती करून मी खाली बसते.