पसंतीक्रम भरण्याआधी

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. टक्के किती पडले आणि नंबर कुठं लागला. पोर तिथं राहील कशी, हे कुणी विचारत नाही. आज त्यावर बोलू.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झालाय, अगदी खेड्यातल्या कॉलेजचासुद्धा. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं. नाही घेतलं तर नेहमीच्या फेऱ्यांतून आपण बाहेर. एवढी महत्त्वाची यादी, आणि ती भरतं कोण? बऱ्याचदा नेट कॅफेतला मुलगा. दारात रांग असते, तो मागच्या वर्षीचा कटऑफ बघतो आणि भराभर नावं टाकतो. त्याचा दोष नाही. तुमच्या पोरीला एकटीला झोप लागत नाही, की आजीवाचून तिला करमत नाही, हे त्याला कुठून कळणार? ते तुम्हाला ठाऊक असतं. म्हणून यादी आधी घरी, कागदावर, तिला शेजारी बसवून करा.

मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहात गृहपाल होते. मुली येतात, पहिले पंधरा दिवस रडतात. त्या रडण्याची मला कधी फार काळजी वाटली नाही. खरा धक्का बसतो तो पहिल्या परीक्षेला. गावच्या मराठी शाळेत पहिली येणारी मुलगी सायन्सला जाते. पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. शेजारची पटापट उत्तरं देते आणि हिला प्रश्नच कळत नाही. पंचवीसपैकी सहा मार्क पडतात, आणि तिला वाटतं आपल्याला डोकंच नाही. अगं, डोकं तेच आहे, भाषा बदलली! पण हे तिला त्या वेळी सांगणारं कुणी तरी लागतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा पहिलं हेच विचारा: मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला वेगळं शिकवता का? उत्तर 'बघू' आलं, तर नाही असंच समजा.

दुसरं विचारा, पोरीला अडचण आली तर तिनं जायचं कुणाकडं? नुसतं 'आमच्याकडं समुपदेशन आहे' यावर थांबू नका. बाईंचं नाव काय, कोणत्या वारी बसतात, कोणत्या खोलीत, तेही विचारा. यात लाजायचं काही नाही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. हे कोचिंग क्लासेसनाही लागू आहे. मार्कांवरून पोरांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, असंही त्यात म्हटलंय. लातूरला किंवा आणखी कुठं नीट-जेईईच्या क्लासला पोर पाठवणार असाल तर हे जरूर विचारा. सोळा वर्षांचं लेकरू, दिवसभर क्लास आणि रात्री अनोळखी खोली. कुणाला ते झेपतं, कुणाला नाही झेपत. न झेपणारं पोर कमी हुशार असतं असं मुळीच नाही.

हॉस्टेल बघायचं तर संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. गृहपालबाई कार्यालय दाखवतील, तुम्ही संडास बघा. पाणी किती वाजता जातं, खानावळीतली भाजी कशी असते, सुट्टीत गावी सोडतात का, हे तिथल्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारा. रॅगिंगबद्दलही विचारा. त्याच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा फुकटचा नंबर आहे. रोज जाऊन-येऊन शिकायचं असेल तर शेवटची एस.टी. कितीची, आणि फाट्यावरून घरापर्यंत अंधार आहे का, याचाही मनावर ताण येतो बरं.

आता एक गोष्ट, जरा स्पष्टच बोलते. मन जपायचं म्हणून पोरीला घरी ठेवा, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट मुली त्याच भीतीनं बोलत नाहीत. फोनवर 'मी बरी आहे' म्हणणाऱ्या आणि फोन ठेवून कोपऱ्यात बसणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या. का सांगत नाहीस गं घरी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'सांगितलं तर बाबा घेऊन जातील, आणि मग लग्नच.' म्हणून पाठवण्याआधी तिला शब्द द्या, आणि तिच्या वडिलांसमोर द्या. तू काहीही सांग, तुझं शिक्षण थांबणार नाही. कॉलेज बदलू, वर्ष गेलं तर जाऊ दे, पण शिकणं सोडवणार नाही. आणि 'तुझ्यासाठी कर्ज काढलंय' हे वाक्य फोनवर पुन्हा पुन्हा म्हणू नका. कर्ज तिला माहीत असतंच. तेच आठवत ती जेवण कमी करते.

पोरगी जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, घरी यायचं टाळत असेल किंवा 'माझा काय उपयोग' असं बोलत असेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईनं फोन केला तरी चालतो. मरणाची भाषा बोलत असेल तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कॉलेज बघायला जायचं तर भाडं लागतं, मजुरी बुडते, हे खरं. त्यावर आमच्या गटानं एक उपाय काढला. मे महिन्याच्या बैठकीत गावातल्या कॉलेजला गेलेल्या मुलींना बोलावलं. कोणत्या हॉस्टेलात पाणी नसतं, कोणत्या मॅडम ऐकून घेतात, कुठं पहिल्या वर्षाला त्रास होतो, सगळं त्यांनीच सांगितलं. वहीत लिहून ठेवलंय. तुमच्या गावातूनही चार-पाच मुली बाहेर शिकत असतील. सुट्टीत त्या घरी आल्या की चहाला बोलवा, आणि यंदा फॉर्म भरणाऱ्या मुलींनाही तिथं बसवा.