कंबरदुखी : चोळणे, विश्रांती आणि हालचाल



सोलापूर-तुळजापूर मार्गावर तामलवाडी हे गाव आहे. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास हा मार्ग पायी जाणाऱ्या भाविकांनी फुलून जातो. थकलेले पाय तेलाने चोळून देणे ही अशा वाटांवर सेवाच मानली जाते. चोळल्याने आखडलेले स्नायू सैल होतात व वेदना काही काळ शमते, हा लोकांचा अनुभव खराच आहे. मात्र चोळणे हा उपचाराचा आरंभ होय, शेवट नव्हे.

या भागातील खुरपणी आणि सोयाबीनची कापणी ही कामे तासन् तास वाकून करावी लागतात व त्यांचा मोठा भार स्त्रियांवर पडतो. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची जुनी रीत आहे. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच ओसरते आणि श्रेय मात्र त्या पायाला मिळते.

कंबर दुखली की अंथरूण धरावे, असा सल्ला पूर्वी वैद्यकशास्त्रही देत असे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. झेपेल तेवढे नित्याचे काम चालू ठेवणारे रुग्ण, अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम, रुग्णशिक्षण, मर्दन व हस्तोपचार यांना स्थान आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांची नित्य उपचार म्हणून शिफारस नाही.

बसण्याची वा उभे राहण्याची एकच आदर्श ढब नसते. एकाच ढबीत फार वेळ राहणे हे खरे दुखण्याचे मूळ. खुरपताना अधूनमधून उठून कंबर हळूच मागे वाकवावी, चार पावले चालावे. ओझे उचलताना गुडघे वाकवावेत व ते अंगाजवळ धरावे. एका जड पाटीऐवजी दोन हलक्या खेपा कराव्यात. जमेल तेथे लांब दांड्याचे कोळपे वापरावे.

काही लक्षणे दिसल्यास मात्र अंग कोणाकडूनही चोळून वा मोडून घेऊ नये. पायांतील शक्ती जाणे, जांघेभोवती बधिरता येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ही तातडीची लक्षणे होत. काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो. पडल्यानंतरच्या दुखण्यात हाड मोडलेले असू शकते. ताप, वजन घटणे आणि रात्रीची वेदना यांमागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तो औषधांनी बरा होतो, परंतु निदान वेळेवर व्हावे लागते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. आज हे शिक्षण घेतलेले तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध आहेत. मजुरी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या भगिनीला वेळीच तेथवर नेणे, ही घरातील प्रत्येकाची जबाबदारी आहे.