घोडा एफ३ : पटावरचा पत्ता लिहायला शिकूया

हा भाग तुम्ही बहुतेक ट्रेनमध्ये ऐकताय. मुलुंड ते अंधेरी करणारे असाल तर घाटकोपरला मेट्रो बदलेपर्यंत आपलं काम होऊन जाईल. आजचा विषय बुद्धिबळ. घाबरू नका, ओपनिंगची थिअरी नाही. आज आपण फक्त चाली लिहायला आणि वाचायला शिकणार आहोत, म्हणजे नोटेशन.

आधी माझी फजिती सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी मी एका रविवारच्या स्पर्धेत उतरलो. फोनवर शेकडो डाव खेळलेलो, त्यामुळे कॉलर टाईट. पण तिथे लाकडी पट, घड्याळ आणि हातात एक कागद. त्याला स्कोअरशीट म्हणतात. दोघांनीही आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल लिहायची. मी पंधरा चाली नीट लिहिल्या, मग एक राहिली, मग दोन एकाच ओळीत, मग नुसता गोंधळ.

डाव बरोबरीत होता. तीच ती स्थिती पुन्हा पुन्हा येत होती. नियम असा आहे की तीच स्थिती, खेळायची पाळी त्याच खेळाडूची असताना, तीनदा आली तर तुम्ही पंचांकडे ड्रॉ मागू शकता. काही ॲपवर हे आपोआप होतं. खऱ्या पटावर मागावं लागतं. मला वाटत होतं की तीनदा झालंय, पण माझ्या कागदावरून ते कळेना. मागायची हिंमत झाली नाही. वेगळं काहीतरी खेळायला गेलो आणि हरलो.

डाव संपल्यावर समोरचा मुलगा, असेल तेरा-चौदा वर्षांचा, आपला कागद दाखवत म्हणाला, “दादा, तीन वेळा झालं होतं. क्लेम का नाही केलंत?”

अर्धा गुण गेला मंडळी. चाल चुकली म्हणून नाही, लिहिता आलं नाही म्हणून. तुमचं असं होऊ नये, म्हणून हा भाग.

चला, सुरू करू. पट मांडताना एक खूण लक्षात ठेवा: तुमच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. आता पट म्हणजे एक हाउसिंग सोसायटी समजा. आठ विंग, प्रत्येकीला आठ मजले. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे विंग ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. मजले पांढऱ्याच्या बाजूने वर मोजायचे, एक ते आठ. मग ई४ म्हणजे काय? ई विंग, चौथा मजला. संपलं! चौसष्ट घरं, चौसष्ट पत्ते. काळ्याने खेळलात तरी पत्ते तेच राहतात. समोरच्या गेटने आत आलात म्हणून विंगचं नाव बदलत नाही ना, तसं.

पांढरा राजा ई१ वर राहतो, वजीर डी१ वर. कोपऱ्यात हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट. दुसऱ्या मजल्यावर सगळी प्यादी.

चाल लिहिताना आधी मोहऱ्याचं अक्षर, मग तो जिथे पोचला त्या घराचा पत्ता. इंग्रजीत राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी. घोड्याला मात्र एन, कारण के आधीच राजाने घेतलाय. गंमत म्हणजे फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत आपल्या देशात रूढ असलेल्या नावाचं अक्षर वापरायची मुभा आहे. जर्मन लोक घोड्याला एस लिहितात. म्हणून आज आपण मराठीतच लिहू: रा, व, ह, उं, घो. प्याद्याला अक्षरच नाही, नुसता पत्ता. ‘ई४’ म्हणजे प्यादं ई४ वर गेलं. ‘घो एफ३’ म्हणजे घोडा एफ३ वर.

आता खुणा. मारलं तर फुली: ‘घो×ई५’. प्याद्याने मारलं तर ते ज्या विंगमधून निघालं तिचं अक्षर आधी: ‘ई×डी५’. शह दिला तर अधिकची खूण, मात झाली तर हॅश. प्यादं आठव्या मजल्यावर पोचून वजीर झालं तर ‘ई८=व’. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, राजाच्या बाजूला केलं तर ०-०, वजिराच्या बाजूला केलं तर ०-०-०. आणि दोन घोडे एकाच घरात जाऊ शकत असतील तर कुठला गेला ते सांगायचं: ‘घो बी डी२’, म्हणजे बी विंगमधला घोडा डी२ वर गेला.

आता हा डाव डोळ्यांसमोर आणा: १. ई४ ई५ २. उं सी४ घो सी६ ३. व एच५ घो एफ६ ४. व×एफ७#. चार चालींत खेळ खल्लास! वजिराला राजा मारू शकत नाही, कारण सी४ वरचा उंट त्याच्या पाठीशी उभा आहे. तुम्हाला हे दिसलं असेल, तर तुम्ही पट न बघता एक अख्खा डाव वाचलात.

दोन शब्द नवखे नेहमी गोंधळवतात. राजाला शह आहे आणि सुटायला वाट नाही, तर ती मात. शह नाहीये, पण खेळायला एकही कायदेशीर चाल उरली नाही, तर तो स्टेलमेट, म्हणजे ड्रॉ. जिंकत आलेले कितीतरी डाव इथे सांडतात. आणि शह-मात हे फारसीतून आलेले शब्द आहेत बरं का. इंग्रजीतलं चेकमेट त्याच घरातलं.

ही पद्धत जुनी आहे. सीरियातल्या अलेप्पोचा फिलिप स्टामा याने १७३७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात अशी पत्त्यांची पद्धत वापरली. पण इंग्रजी पुस्तकं कितीतरी काळ वेगळंच लिहीत होती: ‘प्यादं राजाचं चौथं घर’ अशा थाटात, आणि दोन्ही खेळाडू आपापल्या बाजूने मोजणार. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनं पुस्तक उचललंत आणि काही कळेना, तर कारण हेच. १९८१ पासून फिडे फक्त नवी पद्धत मानते.

आम्हा कोडवाल्यांसाठी सांगतो, स्कोअरशीट म्हणजे डावाचा गिट लॉग. शेवटची स्थिती सगळ्यांना दिसते, पण बग कुठल्या कमिटमध्ये घुसला ते लॉगच सांगतो. कॉम्प्युटरवर डाव साठवायचा पीजीएन हा फॉरमॅट १९९३ च्या सुमाराचा, आणि तोही साधा मजकूरच आहे. १९७४ साली आपल्या मुंबईच्या वासंती खाडिलकर पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, तेव्हा डाव जपायला असा डेटाबेस नव्हता. कागद जपला तर डाव जपला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिची प्रत्येक चाल आपण फोनवर वाचत होतो.

माझ्या त्या डावाचं काय झालं? त्या मुलाच्या स्कोअरशीटचा मी फोटो काढून घेतला. घरी बाबांनी विचारलं, “कुठे चुकलास?” बाबा लहानपणी घरगुती नियमांनी खेळलेले, प्यादं एकच घर चालवणारे. मी फोटो बघून एकेक चाल वाचत गेलो, ते पट मांडत गेले. अठ्ठाविसाव्या चालीला म्हणाले, “हत्ती उगाच हलवलास.” बरोबर होतं. तो हत्ती जागचा हलवला, तिथूनच मी बरोबरीच्या मागे धावायला लागलो होतो. हरल्याचं वाईट त्या रात्री संपलं, कारण चूक सापडली होती. तीही दुसऱ्याच्या अक्षरातल्या कागदावर.

तर या आठवड्याचा गृहपाठ: फोनवरचा एक डाव कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. मग ॲप बंद करून, तो कागद बघून पट मांडा. जिथे अडाल तिथे तुमची लिहिण्यातली चूक सापडेल. एक सवय मात्र आत्तापासून लावा: आधी चाल खेळायची, मग लिहायची. नियमही तसाच आहे. ड्रॉ मागताना वगैरेच आधी लिहायचं असतं.

पुढच्या वेळी भेटू. तोवर लिहीत राहा, खेळत राहा. उतरताना फोन सांभाळा!