तोरणमाळचा तलाव, आपली सहल आणि एक चूल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण. वक्ते सोसायटीचे संस्थापक सभासद असून साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत.)



मला विषय दिलाय ‘आपल्या सहली’. पंचवीस वर्षांत आपण पुष्कळ ठिकाणी गेलो. प्रकाशाला गेलो, सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. पण सहल म्हटलं की आपल्या पुरुषोत्तमनगरच्या माणसाला एकच नाव आठवतं, तोरणमाळ. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत वर चढलं की पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सातपायरी घाटाची वळणं संपली आणि झाडांतून यशवंत तलाव दिसला की गाडीतला गोंधळ आपोआप थांबतो. हे मी दर खेपेला पाहिलंय.

आता तरुण मंडळाने ठराव मांडलाय की तिथे पूर्वीसारखं मुक्कामी शिबिर पुन्हा सुरू करावं, आणि तेही वर्षातून चार वेळा. काही ज्येष्ठांचा विरोध आहे. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे आले, कारण जुनी शिबिरं मीच भरवायचो. मी ठरावाच्या बाजूने आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, जी मी सतरा वर्षं सांगितली नाही.

आधी तोरणमाळ काय आहे ते पोरांसाठी सांगतो. धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यातलं हे गाव, उंची साधारण साडेअकराशे मीटर. उंची हजार मीटरने वाढली की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, हा साधा हिशोब. म्हणून मे महिन्यात इथे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत आपण कुलरसमोर बसतो, तेव्हा वर संध्याकाळी सावलीला वारा गार लागतो. थंडीत याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे गवतावरचं दहिवर गोठलेलं दिसतं. आम्ही एकदा ताडपत्रीवरून ते खरवडून पोरांच्या हातावर ठेवलं होतं. पावसाळ्यात धुकं, सीताखाईकडे धबधबे, आणि तळ्याच्या पलीकडचा काठ दिसतच नाही. जंगल सागाचं, सालईचं, मोहाचं, आवळ्याचं आणि चारोळीचं. पानगळीचं जंगल, म्हणजे उन्हाळ्यात पानं झडून सगळं खाली पडतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता ती गोष्ट. सोसायटीला आठ वर्षं झाली होती. त्या साली ऊस कमी, हंगाम लवकर आटोपला. महाशिवरात्रीची गोरखनाथाची यात्रा होऊन आठवडा झालेला. आम्ही चौदा कुटुंबं दोन गाड्या करून निघालो. सोबत तंबू, सतरंज्या, इथली वांगी आणि गाडीच्या टपावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे भारे. भरीत गॅसवर होत नाही, ते काड्यांवरच भाजायला पाहिजे, हा आपला खान्देशी हट्ट. जंगलातलं एक लाकूडही तोडायचं नाही म्हणून आम्ही सरपण घरून नेलं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

तळ्यापासून थोडं वर, उतारावर जागा निवडली. ती जागा मीच निवडली. खालून वारा येतो, धूर तंबूंकडे येणार नाही, असा विचार केला. तीन दगडांची चूल मांडली. वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी झाल्या, रात्री अंताक्षरी झाली. सगळे झोपायला गेले. कोणीतरी विचारलं, “भाऊ, चूल विझवली का?” मी म्हटलं, “विझवली.” एक तांब्या पाणी ओतलं होतं. वरची राख काळी झाली, फुस्स आवाज आला. बस, मी आडवा झालो.

पहाटे वारा सुटला. आम्ही उठलो ते आवाजाने. चुलीच्या वरच्या बाजूचं गवत पेटलं होतं आणि जाळ उतार चढत होता. आग नेहमी चढावर वेगाने जाते, कारण वरचं गवत तिच्या धगीनेच आधी वाळून तयार होतं. बायकांनी पोरं तळ्याकडे नेली. आम्ही बादल्या घेऊन धावलो. पण पंधरा पुरुष आणि सहा बादल्या, पाणी नेईपर्यंत आग पुढे गेलेली.

तेवढ्यात वरच्या पाड्यातून माणसं आली, पावरा समाजाची सात-आठ माणसं, दोन बायकाही. कोणी आरडाओरडा केला नाही. हिरव्या फांद्या मोडून त्यांनी जाळ कडेने झोडपायला घेतला. त्यातल्या एका बाईने तर जाळाकडे पाहिलंही नाही. ती पुढे जाऊन पायाने आणि काठीने पाचोळा बाजूला सारत जमिनीचा पट्टा मोकळा करत होती. वनखातं जाळरेषा काढतं ना, तेच तिने अर्ध्या तासात केलं. आग त्या पट्ट्याशी आली आणि थांबली. जीवितहानी झाली नाही. पण उतारावरचं गवत गेलं, आणि ते गवत पाड्याने गुरांसाठी आणि छपरांसाठी राखून ठेवलेलं होतं.

परत येताना गाडीत चर्चा झाली. कोणी म्हणालं, यात्रेकरूंची बिडी असेल. कोणी म्हणालं, मोहाखालचा पाचोळा पेटवतात, त्यातलं असेल. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. पुढच्या सभेत ‘अज्ञात कारणाने लागलेल्या आगीमुळे शिबिर स्थगित’ असा ठराव झाला. तो वाचून दाखवणारा चिटणीस मीच होतो.

मित्रांनो, आग माझ्या चुलीची होती. मी बावीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर काढली. भट्टीतला जाळ रंगावरून ओळखायचो. बगॅसचा ढीग वरून थंड दिसतो आणि आत दोन-दोन दिवस धुमसत राहतो, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. तोच मी एक तांब्या ओतून झोपलो. न कळण्यातून झालेली चूक ही नव्हतीच. थंडी होती, पुन्हा तळ्यावर जायचा कंटाळा आला, एवढंच कारण.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटा वर गेलो. टेम्पोत ज्वारीचा कडबा भरून नेला. पाड्यातल्या म्हाताऱ्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “माहीत होतं. तुझे लोक इकडेतिकडे पळत होते, तू चुलीपाशीच उभा होतास.” कडबा उतरवून घेतला. चहा दिला. निघताना म्हणाले, “पुन्हा याल तर चूल आमच्या अंगणात मांडा. तिथे जमीन सारवलेली आहे.” त्यांनी माफ केलं का, हे मी विचारलं नाही. आज ते हयात नाहीत. त्यांचा निरोप मी तुमच्यापर्यंत पोचवला नाही, ही माझी दुसरी चूक. नऊ-दहा शिबिरं तरी आपली बुडाली ती जंगलामुळे नाही, माझ्या गप्प बसण्यामुळे.

म्हणून आज ठरावाला पाठिंबा देतो, आणि तो असा असावा.

पहिलं, चारही ऋतूंत जा, पण प्रत्येक ऋतूची रीत वेगळी. पावसाळ्यात तंबू नको. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान किंवा वनखात्याचं विश्रामगृह आधी विचारून घ्या. घाटात दरडी येतात, म्हणून दिवसा चढा आणि दिवसाच उतरा. थंडीत तंबू लावा, परवानगी असेल तिथेच, आणि आजी-आजोबांना खोलीत झोपवा. महाशिवरात्रीला यात्रेकरू म्हणून जा, शिबिरार्थी म्हणून नको, तेव्हा गाव त्यांचं असतं.

दुसरं, होळीपासून पहिल्या पावसापर्यंत उघड्यावर जाळ नाही. भरिताचा हट्ट त्या दिवसांत घरी ठेवायचा. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहेच. पण कायद्याच्या धाकाने पाळू नका, त्या गवताकडे बघून पाळा.

तिसरं, परवानगीच्या जागी चूल पेटवलीच तर ती विझवायची पद्धत पोरांनी पाठ करावी. पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता, दगड उलटे करा, त्यांच्या खालीही ओता. मग हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर चूल जिवंत आहे. चूल कोणी विझवली ते वहीत लिहा, नाव आणि सही.

चौथं, तलावात पोहणं नाही. नावेत बसायचं तर जॅकेट घालूनच, काका असो की नातू.

पाचवं, जेवण शक्यतो पाड्यातल्या बायकांकडून करून घ्या आणि ठरलेले पैसे त्यांच्या हातात द्या. आमचूर, चारोळी घ्याल तर घासाघीस करू नका. आपला कचरा पोत्यात भरून शहाद्याला आणा.

या पाचात नवं काही नाही, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही सगळं ठाऊक होतं. म्हणूनच सांगतो, वहीत सही पाहिजे.

रौप्यमहोत्सवासाठी मोठ्या जेवणावळीचा प्रस्ताव आहे. माझी विनंती, त्यातली निम्मी रक्कम काढून येत्या डिसेंबरात सगळी कुटुंबं तोरणमाळला न्यावीत. त्या पाड्यात बाबांचा नातू आहे. त्याच्याशी बोललो आहे, तो अंगण द्यायला तयार आहे. वांगी माझ्याकडून. चूल विझवायची पाळी पहिल्या रात्री माझी, आणि वहीत पहिली सही माझी.

इतकी वर्षं उशीर झाला, त्याबद्दल सगळ्यांची माफी मागतो आणि थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.